सुया चालू, गोळ्या बंद

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून घरी आलोय. जेवण जात नाहीये, म्हणून लिहितोय.

मी बुऱ्हाणपुरात ॲक्युपंक्चर करतो. शाहपूरचे केळीची बाग असलेले एक काका वर्षभर माझ्याकडे येत होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळा पडलेला त्यांचा उजवा हात सुया आणि व्यायामाने हळूहळू वर जाऊ लागला होता.

आज सकाळी मुलाने त्यांना गाडीत घालून थेट माझ्याकडे आणलं. तोंड वाकडं, बोलणं बंद.

"डॉक्टरसाहेब, लवकर सुया लावा. पहाटेपासून असंच आहे."

"अरे, हा दुसरा झटका आहे! मोठ्या दवाखान्यात चल, मी येतो सोबत."

गाडीत मी विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या तर होळीलेच बंद केल्या. सुयांनी फरक पडत होता, मंग बाबा बोलले, गोळ्या कायले खायच्या?"

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ निघून गेली, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. काका आता डोळे उघडतात, पण मुलाला ओळखत नाहीत.

सुयांनी पुढचा झटका टळतो असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पण टळत नाही, हेही कधी सांगितलं नाही. दर वेळी हात किती वर जातो तेवढंच बघितलं आणि शाबासकी दिली. गोळ्यांचं एकदाही विचारलं नाही.

तुमच्या घरात झटका येऊन गेलेलं कुणी आहे का? त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, हे तुम्ही शेवटचं कधी विचारलं होतं?