मी ‘नो सर’ म्हटलं आणि बाबा उठून गेले

मंडळी, आज दुपारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा झाली. आईच्या ऑपरेशनमुळे मी कोंढ्याला घरीच आहे, म्हणून ऑनलाइन. बाबा तलावात मासेमारी करतात. आज ते जाळं घेऊन गेलेच नाहीत, दाराशी बसून राहिले.

माझा विषय सोप्या भाषेत सांगते. धानाच्या तणसापासून, म्हणजे भाताच्या पेंढ्यापासून, इंधन बनवणाऱ्या टाकीत जंतूंना ऊब, हवा आणि खाद्य किती द्यायचं? सगळ्या शक्यता तपासायला जन्म पुरणार नाही. म्हणून कॉम्प्युटर थोडे अंदाज घेतो, चांगले ठेवतो, त्यांची सरमिसळ करून पुन्हा शोधतो.

परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, "याहून चांगलं उत्तर नाहीच, असं खात्रीनं सांगाल?"

मीही इंग्रजीतच म्हटलं, "नो सर. पण कामाला येईल इतकं चांगलं नक्की आहे."

बाबांना त्यातलं फक्त ‘नो’ कळलं. ते उठून आत गेले.

परीक्षा संपवून स्वयंपाकघरात आले, तर त्यांनी माझं ताट वाढून ठेवलं होतं.

"जेव बेटा. नाही झालं तं नाही झालं. घर आहे ना आपलं."

"बाबा, पास झाली मी!"

"मंग ‘नो’ काहून म्हटली?"

"खरं तेच होतं म्हणून."

त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि आईला हाक मारून सांगितलं, "आयकलं का वं, पोरगी खरं बोलून पास झाली!"

तुम्ही हरलात असं समजून तुमच्यासाठी कुणी असं ताट वाढलंय का कधी?