देवाच्या फुलावरचा शिंजीर

मोबाइलवर हमिंगबर्डला हवेत थांबून मध पिताना पाहिलं आणि मला आमच्या शिंजिराचा रागच आला. इथे तंजावूरला ज्याला सगळे तमिळमध्ये तेनचिट्टु म्हणतात, तो हा निळा चिमुकला पक्षी अंगणातल्या जास्वंदीवर आरामात बसून प्यायचा. याला हवेत थांबता येत नाही, की गरजच नाही?

एका सकाळी आईने सगळी फुलं पूजेसाठी खुडली. एक ओसरीवरच्या गणपतीच्या तसबिरीला खोचलं. शिंजीर रिकाम्या झाडाभोवती फिरला आणि थेट त्या फुलासमोर हवेत थरथरत थांबला! काचेवर बसणार कुठे?

मी आईला हाक मारली. आंघोळीशिवाय मला देवाजवळ फिरकू न देणारी आई त्याला काहीच बोलली नाही.

"उपाशी राहिला गं बिचारा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने दोन फुलं झाडावरच ठेवली. तो पुन्हा बसून पिऊ लागला.