काजूची साईट आणि दसऱ्याची सुपारी

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच तुम्ही, माहिती आहे मला! चहा तेवढा आधी संपवा, नाहीतर नाकातून बाहेर येईल.

दोन हजार तीनच्या आसपास मंगळवार पेठेत मी सायबर कॅफे काढलं. चार कॉम्प्युटर, एक पंखा, आणि रुबाब असा की इंटरनेट जणू मीच शोधून काढलंय! त्याच वर्षी आजऱ्याच्या तात्यांची सुनंदा मी बघायला गेलतो. बघताक्षणी पसंत. तात्यांचा काजूचा कारखाना. डोक्यावर नावाला एक केस नाही, पण आवाज असा की आजऱ्यात बोलले तर पेठ वडगावात ऐकू जावा.

"पावणं," तात्या गरजले, "आमच्या काजूची एक साईट काढा की! दसऱ्याला तिचं उद्घाटन करू, आनि तितंच सुपारी फोडू!"

सुपारी फुटली की लग्न पक्कं. म्हणजे माझं लग्न त्या साईटवर टांगलेलं!

आता साईटला नाव लागतं, आणि नावाच्या मागं शेपटी. प्रत्येक देशाची शेपटी वेगळी. आपल्या देशाची घ्यायची तर तेव्हा कंपनीचे कागद मागायचे, आणि तात्यांचे कागद तीन भावांच्या भांडणात अडकलेले. पण लांब समुद्रात टोकेलाऊ म्हणून इवलीशी बेटं आहेत. त्यांची शेपटी डॉट टीके. ती फुकट! फुकट म्हटल्यावर मी मागं सरतोय व्हय? खाली इंग्रजीत हातभर नियम होते. ते कोण वाचतंय! 'मान्य आहे'वर टिचकी मारली आणि मोकळा झालो.

तात्यांना सांगितलं, "परदेशातलं नाव घेतलंय." झालं! आजरा तालुक्यात दवंडीच. "जावई न्हवं, हिरा हाय हिरा!"

मग तात्यांनी एक अट घातली. "मुहूर्तापतूर कुनी उघडायची न्हाय. नारळ फुटायच्या आधी दुकानाचं शटर वर करतंय व्हय कोन?"

मी तर चार पावलं पुढं! चारी कॉम्प्युटरवर कागद चिकटवले, 'काजूची साईट उघडू नये. हुकमावरून.' माझा दोस्त बाप्या एकदा उघडायला लागला, तर त्याच्या हातावर फुटपट्टी मारली.

मध्यंतरी सुनंदाचा कॅफेत फोन आला. "कॉम्प्युटर शिकायला येऊ का तुमच्याकडं?"

मी घाम पुसत म्हटलं, "दसऱ्यानंतर या." आणि फोन ठेवला.

बाप्या कपाळ बडवायला लागला. "आरं येड्या, तू तरी जाऊन ये की एकदा आजऱ्याला!"

"छ्या! सुपारी फुटायच्या आधी? लोक काय म्हणतील?"

तीन महिने असे काढले बघा. साईटकडं नाही, सुनंदाकडं नाही. काय ती शिस्त!

दसरा उजाडला. आजऱ्याहून टेम्पो भरून पाहुणे आले. मॉनिटरला झेंडूचा हार, माऊसला हळदीकुंकू. तात्यांनी नारळ फोडला आणि माऊस दाबला. फोनच्या तारेवरचं इंटरनेट ते! चित्र वरून खाली बोटबोटभर सरकत यायचं.

आधी दिसलं एक चकचकीत टक्कल.

"आग्गं बया!" सुनंदाची आत्या ओरडली. "तात्याचा फोटू लई झ्याक आलाय की!"

टाळ्या! तात्या लाजले हो! मी मात्र गार. तात्यांचा फोटो मी टाकलाच नव्हता.

टकलाखाली निळे डोळे आले, मग दात काढून हसणारा गोरा माणूस, आणि शेवटी तेलाची बाटली. केस उगवायचं तेल! काजूचा पत्ताच नाही.

"पावणं," तात्या पहिल्यांदाच हळू बोलले, "ह्यो कोन?"

मेल उघडली. बेटवाल्यांचं पत्र येऊन पडलेलं. नियमच होता म्हणे, तीन महिन्यांत ठरावीक माणसं साईटवर फिरकली नाहीत, तर नाव काढून घेतात आणि तिथं स्वतःच्या जाहिराती लावतात. माझ्या साईटवर तर कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. मी फिरकू दिलं नव्हतं!

"तीन महिनं कुनी ढुंकून बघितलं न्हाय, म्हनून ग्येली व्हय?" तात्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

तेवढ्यात मागून सुनंदा म्हणाली, "तात्या, नियम चांगला हाय की. मलाबी त्योच लावा."

आख्खं कॅफे हसलं. आणि सगळ्यात मोठ्यांदा हसला तो बाप्या, गद्दार!

सुपारी काही फुटली नाही. परत जाताना टेम्पोत आत्यानं ती अडकित्त्यानं कातरली, आणि सगळ्यांनी पानातून खाल्ली. सुनंदा गडहिंग्लजला कॉम्प्युटर शिकली, आणि शिकवणाऱ्याशीच लग्न केलं. पुढं आपल्या देशाची शेपटी कुणालाही मिळायला लागली, तेव्हा त्या दोघांनी तात्यांची नवी साईट काढली. डॉट इन. झकास चालते.

डॉट इनला तसला नियम नाही, मला पक्कं ठाऊक आहे. ह्या वेळी सगळं वाचलंय मी! तरी रोज कॅफे उघडलं की आधी ती साईट उघडतो.