शनीच्या जागी कबूतर

"अहो, तुमच्या दुर्बिणीतून कबूतर निघालं," बायको बाल्कनीतून ओरडली. संध्याकाळी शनीची कडी बघायला मी आमच्या अर्ध्या बेळ्ळंदूर वस्तीला घरी बोलावलं होतं. ऑफिसच्या सॉफ्टवेअर रिलीजने माझे महिने खाल्ले, उरलेले रविवार हार्मोनियमच्या रियाजाने, आणि दुर्बीण बिचारी झाकणाशिवाय आडवी पडून राहिली. नळीत वाकून पाहिलं, तर वर्षभर हाताने घासून बनवलेल्या माझ्या दुर्बिणीच्या आरशावर वीतभर विष्ठा, चिकट पिसं आणि असा आंबूस भपकारा, की पार वीसेक किलोमीटरवरच्या होसकोटेपर्यंत लोकांनी नाकं दाबली असतील. बादली भरून मी गरजलो, "धुऊन काढतो, शनी दाखवणारच." तिने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अंडी आहेत. पिल्लं उडेपर्यंत हात लावायचा नाही."