सालहाच्या तोंडचं वाक्य

गाबेस शहरात लग्न म्हटलं की नवरीला मेंदी लावायला सालहाच हवी. तिच्या काळ्या बोटांना गुण आहे, असं बायका म्हणत. पण तिच्या लेकीला, रफीकाला सून करून घ्यायची वेळ आली, तेव्हा मुलाची आई दारातूनच म्हणाली, "पायातली वहाण पायातच बरी." ठरलेलं लग्न मोडलं. कितीतरी दिवस रफीकानं घराबाहेर पाऊल टाकलं नाही.

पुढं राजधानी ट्यूनिसहून अनीस नावाचा तरुण छोटा सिनेमा करायला आला.

"खाला, आमच्या सिनेमांत तुमची काळी माणसं दिसतच नाहीत. तुम्ही नवरीची आई व्हा. जे सोसलंत तेच बोला."

सालहानं आधी लेकीला विचारलं. "बोल, उम्मी," रफीका म्हणाली. "फक्त माझं नाव घेऊ नकोस."

सालहा बोलली. नवरी झालेल्या सावळ्या नटीचा हात हाती धरून तिनं सगळं ओकून टाकलं.

स्पर्धेत सिनेमा दाखवायच्या दिवशी तिनं अख्खी गल्ली सभागृहात नेली. शेजारी रफीका. पडद्यावर सालहा मेंदी लावत होती. नवरीनं डोळे वर केले आणि सालहा म्हणाली, "पायातली वहाण पायातच बरी."

बस्स. 'ती बाई मला म्हणाली' हे आधीचं कापलेलं, नंतरचं सगळंच कापलेलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"तू म्हणालीस हे?" रफीकानं विचारलं.

"अगं, मी तिचं बोलणं सांगत होते..."

तेवढ्यात दिवे लागले. परीक्षक मादाम दोरा उठल्या. सिनेमात कुणाला जागा मिळाली, कुणाला आवाज मिळाला, हे जोखायला त्या राजधानीहून आल्या होत्या. "प्रतिनिधित्वात हा सिनेमा अव्वल! पिचलेली बाईच आपल्या लेकीला कशी पिचवते, हे किती धीटपणे दाखवलंय!"

टाळ्या पडल्या. सालहा उभी राहिली. "ते वाक्य माझं नाही."

"खाला, अभिनय इतका खरा वाटला, हेच तुमचं यश," मादाम म्हणाल्या.

"अभिनय कसला! माझ्या लेकीला..." सालहानं जीभ चावली. पुढं बोलायचं तर रफीकाचं नाव येणार. ती वळली. शेजारची खुर्ची रिकामी होती.

बाहेर तिनं अनीसला गाठलं. "बाकीचं कुठं गेलं रे?"

"दहा मिनिटांत किती मावणार, खाला? तेवढंच जोरदार होतं."

"काढून टाक ते."

"आता? अहो, त्याच्यावरच तर बक्षीस मिळालं!"

त्याच आठवड्यात रफीका सफाक्सच्या शिवणकारखान्यात निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्या बाईनं निदान दारात म्हटलं होतं, उम्मी."

फोन ती उचलेना. शेवटी ईदच्या आधी सालहा बसनं सफाक्सला गेली आणि कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिली. सुटी झाली, पोरींचा घोळका बाहेर आला. रफीकानं तिला पाहिलं, नीट पाहिलं.

"तुझी कोण गं ही?" बरोबरच्या पोरीनं विचारलं.

"कुणी नाही," रफीका म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.