तिसऱ्या सिलिंडरचा आवाज

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांतली बाई नाही. पुण्याला माहेरी कुणी म्हणालं की रात्री शीळ घालू नये, की मी मुद्दाम गच्चीत जाऊन घालायचे आणि बोलणी खायचे. नोकरी सॉफ्टवेअरची. त्यामुळे काही विचित्र घडलं की 'बग कुठाय?' हाच माझा पहिला प्रश्न. हा एक बग मात्र मला अजून सापडलेला नाही... 

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. लग्न होऊन मी बंगळूरला, चामराजपेटेत आले. सासरचे मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथले. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे आणि बोलण्यात 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे ठीक, असं कानडी सर्रास यायचं. धाकटा दीर रघू रॅलीवेडा. आदल्या वर्षी भर वेगात त्याच्या गाडीचं इंजिन जाम झालं आणि वळणावर गाडी थेट शेतात उलटली. खांद्याच्या हाडावर निभावलं. तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की अण्णा जेवता जेवता उठून जायचे.

आणि हा पठ्ठ्या वर्षाच्या आत दुसरी गाडी घेऊन दारात हजर! तेव्हा नव्याने आलेली, फ्युएल इंजेक्शनवाली. म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. कॉम्प्युटर म्हटल्यावर वैनी आलीच! लॅपटॉप जोडून पेट्रोलचं प्रमाण बदलता येईल असा एक डबा रघूनं कुठूनसा पैदा केला होता.

खरी परीक्षा असते फुल थ्रॉटलला. पाय पूर्ण दाबला की इंजिन भसाभस हवा ओढतं, त्या मानानं पेट्रोल द्यावं लागतं. जास्त झालं तर ताकद जाते. कमी पडलं तर इंजिन आतून ठोकायला लागतं, पिस्टन वितळतो आणि पुन्हा तेच — जाम! तो ठोका गाडीच्या गोंगाटात नुसत्या कानाला कळत नाही. म्हणून आम्ही एक जुगाड केला होता. तांब्याची नळी इंजिनाला बोल्टनं आवळलेली, तिच्या पुढे लांब रबरी नळी, आणि ती माझ्या कानावरच्या हेडफोनच्या वाटीत. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच म्हणा ना. आणि अण्णांसमोर ठरलेला नियम असा, की नळीत इंजिन ऐकू आलं नाही तर गाडी गेटबाहेर काढायची नाही.

पुढच्या रविवारी घाटातली शर्यत होती, या रविवारी सकाळी शेवटची ट्रायल. रघूनं गाडी सुरू केली, मी वाट्या कानांवर चढवल्या. नेहमीची टिकटिक, अगदी स्वच्छ. अण्णा गेटपाशी उभे होते. मी त्यांना 'ठीक आहे' अशी अंगठा वर करून खूण केली, तर त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"आवाज... येतोय तुला?" त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं.

"झकास येतोय, अण्णा!"

बॉनेटकडे एकदा बघून ते बाजूला झाले. आम्ही निघालो.

हेब्बाळच्या पुढे तेव्हा नुसते प्लॉट पाडलेले होते, घरं नव्हती. रस्ता सरळसोट, रिकामा. दोन खेपा छान झाल्या. तिसऱ्या खेपेला रघूनं तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला आणि माझ्या कानात डब्यात खडे हलवल्यासारखा खडखडाट सुरू झाला.

"सोड! रघू, पाय काढ!" मी किंचाळले.

"काय झालं वैनी? मला तर काहीच नाही आलं ऐकू!"

"तू थांबव आधी!"

गाडी कडेला घेऊन त्यानं स्पार्क प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक चकचकीत ठिपके होते. म्हणजे पिस्टन वितळायला लागला होता! त्या सिलिंडरच्या इंजेक्टरमध्ये, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीत, कचरा अडकून पेट्रोल कमी पडत होतं, हे मागाहून कळलं. "अजून स्वल्प दाबलं असतं ना, तर गेलो होतो," रघू म्हणाला.

मग तो नळी तपासायला वाकला आणि तसाच राहिला. इंजिनाला तांब्याची नळी नव्हतीच. रबरी नळी नुसती लोंबत होती आणि तिच्या तोंडात चिंधीचा बोळा गच्च कोंबलेला, वर रबरबँड.

रघूच्या मित्रानं दोरी लावून गाडी घरी ओढून आणली. अण्णा ओट्यावर बसले होते आणि ती तांब्याची नळी त्यांच्या मांडीवर होती.

"मीच काढली, पहाटे. बोळाही मीच कोंबला," ते म्हणाले. "आवाज आला नाही तर तुम्ही जाणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तू म्हणालीस येतोय, तेव्हा मला वाटलं, मी भलतंच काहीतरी काढलं की काय..." रघूनं त्यांना प्लग दाखवला. अण्णांना इंजिनातलं फारसं कळत नसे, पण ते ठिपके कसले हे ऐकल्यावर त्यांना रडू आवरेना. "अय्यो, मीच मारत होतो रे तुला."

रघू त्यांच्या पायाशी बसला. मग अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "पण मग तुला ऐकवलं कोणी?"

मला काय विचारता! गाडी दुरुस्त झाल्यावर मी मुद्दाम तांब्याची नळी काढून, तोच बोळा कोंबून, त्याच वाट्या कानाला लावून बसले. टिकटिक नाही की काही नाही, नुसती माझ्याच नाडीची धकधक. आवाज पत्र्यातून आला म्हणावं, तर ज्याचे कान उघडे होते त्या रघूला कसा आला नाही? भास म्हणावं, तर प्लगवरचे ठिपके काय भासाचे होते? आजवर इंजिनियरांना विचारलं, एका कानाच्या डॉक्टरांनाही विचारलं. सगळे हसतात आणि चहा मागवतात.

शर्यतीला अण्णा आमच्याबरोबर घाटात आले. तांब्याच्या नळीचा बोल्ट त्यांनी स्वतः आवळला. मग माझ्या कानावरच्या वाट्या काढून आपल्या कानांना लावल्या, डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले, आणि रघूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सरी. जा आता."