मावशीच्या फोनवरचं बटण

ऑफिसात सगळे त्याला बारकू म्हणत. वेबपेज सजवणं हे त्याचं काम, आणि जे नियम इतरांनी ऐकलेलेही नसत ते त्याच्या जिभेवर. टाइप करताना लुकलुकणाऱ्या रेघेचा रंग बदलायला कॅरेट-कलर. मथळ्याच्या दुसऱ्या ओळीत एकटाच शब्द लोंबकळू नये म्हणून टेक्स्ट-रॅप.

"हे कोण बघणार आहे रे?" शेजारच्या टेबलावरची विचारायची.

"मी," तो म्हणायचा.

डोळ्यांच्या एका दवाखान्याचं पान त्याच्याकडे आलं. त्याला वाढवणारी मावशी तिथेच जायची. तिच्या डोळ्यांतला दाब वाढत होता. तपासणी चुकली तर नजर जायची भीती होती. 'वेळ ठरवा' हे बटण त्याने स्क्रीनच्या तळाशी चिकटवून टाकलं. त्यासाठी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ओळी लिहितात. त्याने त्या चारींचं काम करणारी इनसेट ही एकच लिहिली. काम सुबक झालं.

पान सुरू झालं आणि दवाखान्याने फोनवर बोलून वेळ देणं बंद केलं. मावशीने त्याला फोन लावला.

"अरे, बटण कुठेय?"

"तळाला. चांगलं ढळढळीत आहे."

"मला नाही दिसत."

"चष्मा लाव की."

"लावलाय रे मेल्या."

दोघंही हसले. तिने पुन्हा विषय काढला नाही. मिळाली असेल वेळ, असं तो धरून चालला.

काही महिन्यांनी तो तिच्याकडे गेला. पाणी आणताना ती दाराच्या चौकटीला खांद्याने धडकली. रोजच्याच दाराला. त्याने तिचा जुना फोन घेतला, पान उघडलं, वर-खाली सरकवून पाहिलं. बटण नव्हतं.

त्याला लगेच कळलं. जुन्या ब्राउझरला इनसेट समजत नाही. न समजलेली ओळ तो मुकाट्याने गाळतो, चुकलं म्हणूनही सांगत नाही. बटण स्क्रीनच्या खाली, कितीही सरकवलं तरी बोट पोचणार नाही अशा जागी जाऊन बसलं होतं. त्याने तपासलं होतं ते स्वतःच्या नव्याकोऱ्या फोनवर.

ती ओळ दुरुस्त करायला त्याने साहेबांना फोन लावला. "ते काम आपण कधीच दवाखान्याला सोपवलं. पासवर्ड त्यांच्याकडे," साहेब म्हणाले.

दवाखान्यातला कारकून म्हणाला, "आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय."

"जुन्या फोनवर बघा ना."

"इथे कुणाकडे आहे जुना फोन?"

शेवटी त्याने स्वतःच्या फोनवर ते पान उघडून तिची वेळ घेतली. डॉक्टरांनी तपासलं. "गेली ती नजर परत येत नाही," त्या म्हणाल्या. "उरलीय ती सांभाळू."

बाहेर येताना मावशीने त्याचा दंड धरला होता.

"मावशी, बटण नव्हतंच गं. माझी चूक."

"असू दे. डोळेच असे झालेत. मलाच दिसलं नसेल."

तो पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. ती मान डोलावत ऐकत होती. तिला पटलं नव्हतं.